हुशारचे ब्याण्णव टक्के

ताईच्या धाकट्या भावाचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. घरात, गल्लीत, नातेवाइकांत सगळे त्याला 'हुशार' म्हणत. चार वर्षांचा असताना त्याने पाहुण्यांसमोर वीसपासून एकपर्यंत आकडे उलटे म्हणून दाखवले होते. मामा सहज म्हणाले, "पोरगं हुशार आहे हो." आईने तो शब्द उचलला तो कायमचा. पोराने अकरा गाळला होता हे फक्त ताईच्या लक्षात आलं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पाहुण्यांना पाणी देत होती.

पुढे हुशारला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, खोलीला पंखा मिळाला आणि पंख्याखाली झोपायची सवय लागली. ताईला दहावीनंतर "आता पुरे" असं सांगण्यात आलं. कुणी रागावून सांगितलं नाही. जेवताना वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणावं तितकं सहज सांगितलं. हुशारने तीन वर्षांची पदविका पाच वर्षांत पूर्ण केली. आई लोकांना सांगायची, "त्याने पाया पक्का करून घेतला."

ताईचं लग्न झालं आणि तीन वर्षांत मोडलं. त्या तीन वर्षांत नवरा तिच्याशी जे काही बोलला त्यात सगळ्यांत लांब मजकूर घटस्फोटाच्या अर्जातला होता. ती परत आली, आईच्या घरातली पुढची खोली झाडून घेतली, एक टेबल मांडलं आणि बायकांची नखं रंगवायला बसली. हे काम ती सहा महिने एका पार्लरमध्ये फरशा पुसता पुसता शिकली होती. नख घासायचं, कडेची कातडी हलकेच मागे सारायची, जेलचा पातळ हात द्यायचा आणि दिव्याखाली एक मिनिट धरायचं. थर जाड लागला की वरून कडक होतो, आतून ओला राहतो आणि चार दिवसांत पापुद्र्यासारखा निघून येतो. आत बुडबुडा राहिला तर तोही दगा देतो. ताईच्या हातचं नख तीन आठवडे हलत नसे. गल्लीतल्या बायकाच काय, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या बँकेतल्या बायकाही तिच्याकडे येत.

हुशार मात्र या धंद्याला 'ते नखांचं' म्हणायचा. "ताई, तुझं ते नखांचं आवरलं असेल तर चहा टाक." तो स्वतः गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर होता. आईने त्याचं भाषांतर 'पाण्याचा साहेब' असं केलं होतं.

साहेबाचं काम असं होतं: केंद्रात पाणी गाळून, निवळून शेवटी एका खोलीत यायचं. तिथे लोखंडी पिंपासारखं एक आडवं भांडं होतं आणि त्याच्या आत काचेच्या आवरणांत सहा लांब ट्यूब जळत असत. त्यांचा खरा उजेड डोळ्यांना दिसत नाही. त्याला यूव्ही म्हणतात आणि त्याने पाण्यातले जंतू मरतात. हुशारने एवढंच करायचं, की ट्यूब नीट जळताहेत का ते बघायचं, काचांवर पाण्यातल्या चुन्याचा थर बसला की भांडं रिकामं करून त्या पुसायच्या, आणि जुन्या झालेल्या ट्यूब बदलण्यासाठी अर्ज लिहायचा. भांड्याला एक छोटी खिडकी होती. तिच्यातून निळसर उजेड दिसला की तो रजिस्टरात 'ठीक' लिहायचा. नऊ वर्षं त्याने 'ठीक' लिहिलं. आठवड्याचं 'ठीक' सोमवारीच लिहून ठेवण्याइतका त्याचा कामावर विश्वास होता.

मग वरून आदेश आला की निळसर उजेड बघून चालणार नाही, यूव्ही मोजायचा. मोजायचं यंत्र, म्हणजे सेन्सर, बसवायला एक बाई आल्या. तरुण होत्या, केस आखूड, हातात औजारांची पेटी. केंद्रात त्यांना सगळे सेन्सरबाई म्हणू लागले. त्या दिवशी हुशार घरून आपली कपाटाची किल्ली विसरून गेला होता, म्हणून ताई ती द्यायला गेली. रखवालदाराने तिला आत सोडलं. शेवटच्या खोलीत हुशार हाताची घडी घालून उभा होता आणि सेन्सरबाई एकट्याच जमिनीवर बसून भांड्याच्या बाजूचा एक नट घट्ट करत होत्या.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"तुला नाही कळायचं," हुशार म्हणाला. "ऑप्टिकल फायबर आहे. इंटरनेट असतं ना, त्यातलं."

सेन्सरबाईंनी मान वर केली. त्यांच्या हातात मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा एक पारदर्शक धागा होता. "इंटरनेटचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "हे टोक बघा. याला बारीक भोक पाडून आत एक पूड भरली आहे, चिकट द्रवात कालवून. यूव्ही पडला की ती पूड हिरवी चमकते. तो हिरवा उजेड धाग्यातून पळत या डब्यापर्यंत येतो. डब्यात उजेड मोजायची सोय आहे, ती आकडा दाखवते. आत वीज न्यावी लागत नाही, तार गंजत नाही."

ताईने टोक उजेडाकडे धरलं. "म्हणजे माझ्या रेडियम रंगाच्या नेलपेंटसारखं. दिव्यात हात घातला की नखं पेटल्यासारखी दिसतात."

"अगदी तसंच."

"आणि बुडबुडा राहिला तर?"

सेन्सरबाई हसल्या. "राहिला तर आकडा चुकतो. दहातली चार टोकं मी फेकून देते. तुम्ही काय करता?"

"ती नखं करते," हुशार मध्येच म्हणाला. ज्या सुरात लोक 'तिला बरं नसतं' म्हणतात, त्या सुरात.

सेन्सरबाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं. धाग्याचं टोक भांड्यात घुसवलेल्या एका कोरड्या काचेच्या टोपणात बसतं, तपासणीसाठी नट सैल करून बाहेर काढता येतं. आकडा शंभरातला. पन्नासच्या खाली गेला की घंटा वाजेल आणि दहा मिनिटांत नाही सुधारला तर झडप आपोआप बंद होऊन गावाचं पाणी थांबेल. हुशार सगळ्याला "येस, येस" म्हणत राहिला. त्या रात्री जेवताना त्याने आईला सांगितलं की त्याच्या खात्यात आता लेझरवर काम चालतं.

पहिले काही दिवस आकडा ऐंशीच्या आसपास होता. मग सत्तर झाला, मग एकसष्ट. आकडा काही हवेत उतरत नव्हता. काचांवर चुना चढत होता आणि ट्यूब केव्हाच म्हाताऱ्या झाल्या होत्या. काचा पुसायच्या म्हणजे भांडं रिकामं करा, सहा आवरणं एकेक करून अलगद काढा, लिंबासारख्या आंबट पाण्याने घासा, पुन्हा बसवा. दोन तास कमरेत वाकून राहावं लागतं. आणि नव्या ट्यूब मागवायच्या तर जुन्या किती तास जळल्या ते लिहावं लागतं. हुशारने नऊ वर्षांत तास लिहिलेच नव्हते, फक्त 'ठीक' लिहिलं होतं. आता अर्ज करावा तर पहिला प्रश्न त्यालाच येणार होता.

घंटा वाजू लागली. हुशार झडप थोडी आवळायचा, सावकाश आलेलं पाणी जास्त निवळून यायचं आणि आकडा जेमतेम पन्नासावर यायचा. गल्लीत पाणी बारीक येतं म्हणून बायका कुरकुरत. घरी तो चिडचिड करायचा, "यंत्रं असली आणून ठेवतात, माणसाला कामच करू देत नाहीत."

एका सकाळी तो ताईच्या खोलीत आला. सहसा यायचा नाही, वासाने डोकं दुखतं म्हणायचा.

"ताई, तुझा तो जुना दिवा पडून आहे ना? नखांचा?"

"आहे. का?"

"ऑफिसच्या कामाला हवाय."

"नखांचा दिवा? तुला?"

"तुला सांगून काय कळणार आहे? प्रयोग आहे एक."

ताईने माळ्यावरून दिवा काढून दिला. पांढरा, चपट्या बोगद्यासारखा, आत हात घातला की आपोआप पेटणारा. तिने आणखी काही विचारलं नाही. समोर बँकेतल्या बाई हात पसरून बसल्या होत्या, त्यांच्यासमोर भावाशी हुज्जत घालायची तिची इच्छा नव्हती.

त्यानंतर हुशार एकदम सुधारला. शीळ घालत घरी येऊ लागला. महिन्याभराने केंद्राचे मोठे साहेब तपासणीला आले, डब्यावरचा आकडा ब्याण्णव बघून खूश झाले. दुसऱ्या महिन्यातही ब्याण्णव, तिसऱ्यातही ब्याण्णव. पाऊण कागदभर मजकुराचं 'उत्कृष्ट कार्य' असं प्रशस्तिपत्र आलं, त्यावर मोठ्या साहेबांची भली मोठी सही होती. हुशारने ते चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, म्हणजे ताईच्या टेबलासमोरच, कारण येणारे-जाणारे तिथेच येत. आईने डोळे पुसले. "लहानपणी कधी ब्याण्णव मिळाले नाहीत, आता मिळाले," ती म्हणाली. त्या वाक्यात लपलेला कबुलीजबाब तिच्या लक्षात आला नाही. ताईच्या आला.

त्याच सुमारास घरात एक नवी गोष्ट सुरू झाली. हुशार पाण्याचे मोठे बंद जार विकत आणू लागला. जार वरच्या मजल्यावर, त्याच्या आणि बायकोच्या खोलीत जायचा.

"हे कशाला?" ताईने भावजयीला विचारलं.

"त्यांना नळाच्या पाण्याची चव आवडत नाही म्हणे हल्ली," भावजय म्हणाली. "मला म्हणाले, तूही हेच पी."

आई खाली राहायची. आईला कुणी चवीचं विचारलं नाही.

पाऊस-पाण्याचे दिवस नव्हते, तरी गल्लीत पोटं बिघडू लागली. आधी दोन घरं, मग सहा. बायका ठरलेल्या वेळा रद्द करू लागल्या. समोर शिलाई मशीन चालवणारी शिंपीण होती, तिच्या सात वर्षांच्या मुलीला इस्पितळात ठेवून सलाईन लावावं लागलं. शिंपीण एका दुपारी दारात आली आणि उभ्यानेच म्हणाली, "ताई, तुमचे भाऊ पाण्यात आहेत ना? जरा विचारा त्यांना, पाण्यात काही आहे का."

ताईने संध्याकाळी विचारलं. हुशार पायमोजे काढत होता.

"पाण्यात काही नाही. आकडा ब्याण्णव आहे. लोक बाहेरचं अरबट-चरबट खातात आणि पाण्याला नावं ठेवतात."

"मग तू जारचं का पितोस?"

त्याने दुसरा मोजा काढायला फार वेळ लावला. "माझी प्रकृती नाजूक आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून."

त्याची प्रकृती बैलासारखी होती. तेव्हा ताईच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं, पण ते काय आहे हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती इतकी गळून गेली की न्हाणीतून बाहेर आणायला ताई आणि शिंपीण दोघी लागल्या. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले पाणी उकळून द्या, बाधा पाण्यातलीच दिसते. सकाळी कामावर जाताना हुशार आईच्या खोलीत डोकावला होता, दारातूनच "काळजी घे" म्हणाला होता आणि गेला होता. आईने त्याला जाताना बघून आशीर्वाद दिल्यासारखा हात उचलला होता. ताईला त्या हाताचा जितका राग आला तितका उलट्यांचाही आला नव्हता.

आई जरा डोळे मिटून पडल्यावर ताई शिंपिणीला बसवून बाहेर पडली आणि तडक केंद्रावर गेली. काय बघायचं आहे हे तिला धड ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाली असती, माझा दिवा परत आणायला आले.

रखवालदार म्हातारा होता, तिला ओळखत होता. "साहेब चहाला गेलेत," तो म्हणाला. आणि ती काही बोलायच्या आत त्याने फाटकाचं दार उघडलं.

शेवटच्या खोलीत सगळं चकचकीत होतं. डब्यावर हिरवे आकडे होते, ब्याण्णव. त्याच्यापासून निघालेला धागा भिंतीच्या कडेने भांड्याकडे जायला हवा होता. तो अर्ध्यातच वळून टेबलाखाली गेला होता. टेबलाला जुन्या चादरीचा पडदा लावला होता. ताईने पडदा वर केला.

खाली तिचा दिवा पेटलेला होता. दिव्याच्या बोगद्यात एक हात होता. पिवळा रबरी हातमोजा, आत चिंध्या कोंबून टम्म फुगवलेला, मनगटाला दोरी बांधलेली. दिव्याला वाटावं की कुणी बाई नखं वाळवत बसली आहे, म्हणून केलेली ती सोय होती. मोज्याच्या दोन बोटांच्या मध्ये धाग्याचं टोक चिकटपट्टीने डकवलेलं होतं आणि ते हिरवं चमकत होतं.

ताई तशीच उकिडवी बसून राहिली. त्या खोट्या हातावर मेहनत घेतलेली दिसत होती. बोटं सारखी भरली होती, शिवण नेटकी होती. नऊ वर्षांत या माणसाने एवढं मन लावून केलेलं हे पहिलं काम असावं. काचा पुसायला दोन तास लागले असते. या हाताला किमान तीन लागले असतील.

तिने चिकटपट्टी सोडवली आणि मोजा ओढून बाहेर काढला. दिवा विझला. डब्यावरचा आकडा क्षणात शून्य झाला. मग तिने धागा हातात घेतला, भांड्याच्या बाजूचा नट शोधला, सेन्सरबाईंना करताना बघितलं होतं तसं टोक काचेच्या टोपणात अलगद सरकवलं आणि नट आवळला. खिडकीत निळा उजेड छान दिसत होता. आकडा वर चढला. तीन, सात, अकरा. अकरावर थांबला.

घंटा वाजू लागली. ताई खुर्ची ओढून बसली. दहा मिनिटांनी खोलीत कुठेतरी जड लोखंड सरकल्याचा आवाज झाला आणि पाण्याचा घोष बंद पडला.

हुशार धावत आला तेव्हा त्याच्या शर्टावर चहा सांडलेला होता. त्याने आधी डबा बघितला, मग पडदा, मग ताईच्या मांडीवरचा हातमोजा.

"ताई, काय केलंस तू? अख्ख्या गावाचं पाणी बंद झालं."

"हात कुणाचा आहे हा?"

"हे बघ, तुला यातलं कळत नाही. दे इकडे. मी लावतो परत, कुणाला कळायच्या आत."

"आई सकाळपासून उलट्या करतेय."

"मी आजच ट्यूबचा अर्ज लिहिणार होतो. देवाशप्पथ. ताई, माझी नोकरी आहे ही."

"तू जार कधीपासून आणतोस?"

त्याने हात पुढे केला, मोज्यासाठी. ताई उठली नाही. तिच्या अंगाला हात लावून मोजा ओढून घ्यायची त्याची हिंमत झाली नाही, कारण फोन वाजायला लागला होता आणि तो वाजतच राहिला.

मोठे साहेब तासाभरात आले. पाण्याच्या तक्रारी त्यांच्या घरापर्यंत पोचल्या होत्या, त्यांच्या घरीही नळ होता. त्यांनी मोजा बघितला, आकडा बघितला आणि सगळ्यांत आधी खोलीचं दार आतून लावून घेतलं. त्यांना काय सुचलं ते ताईला तिथेच दिसलं. प्रशस्तिपत्रावर सही त्यांची होती.

गावाला दोन दिवस टँकरने पाणी मिळालं. बाहेरून माणसं बोलावून काचा पुसल्या, सहाच्या सहा ट्यूब बदलल्या. शिंपिणीची मुलगी घरी आली. आई उठून बसू लागली. चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी हुशार ताईच्या टेबलासमोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसला.

"उद्या तुला बोलावतील," तो म्हणाला. "तू फक्त एवढंच सांग, दिवा तू ठेवलास. नखांचं काहीतरी करून बघायला. तू बाईमाणूस, बाहेरची. तुला कोण काय करणार आहे?"

"आणि हात? तोही मीच शिवला?"

"तुला शिवण येतंच की."

ताईने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. उलट समोरच्याचं भलं करायला निघाल्यासारखा चेहरा होता. जन्मभर कुणीतरी उठून आपलं ताट उचलतं, तर हेही उचलेल, एवढीच त्याची समजूत होती. तिला तो इतका लहान वाटला की त्याच्यावर ओरडायचाही कंटाळा आला.

"खुर्ची मोकळी कर," ती म्हणाली. "पावणेचारला बाई यायच्यात."

चौकशीला तीन माणसं होती. मधल्याने आधी तिचं शिक्षण विचारलं. दहावी म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"तुम्ही परवानगीशिवाय यंत्राला हात का लावलात?"

"हात आधीच लावलेला होता," ताई म्हणाली. "रबराचा. मी तो काढला."

डाव्या बाजूचा माणूस खोकला. ताईने सगळं सांगितलं: दिवा कधी नेला, जार कधी आले, टोक कुठे होतं, परत बसवल्यावर आकडा किती आला. त्यांनी अकरा हा आकडा तिला दोनदा विचारला. जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर तो वाढेल.

सेन्सरबाईंनाही बोलावलं होतं. त्या बाहेरच्या बाकावर ताईशेजारी बसल्या, चेहरा उतरलेला.

"एक सांगा," ताई म्हणाली. "माझ्या दिव्याने जंतू मरतात?"

"नाही. तो मवाळ यूव्ही. नखांचं जेल वाळवतो, बाकी काही नाही."

"मग तुमचा आकडा ब्याण्णव कसा?"

सेन्सरबाई बुटांकडे बघत म्हणाल्या, "पूड दोन्हींना चमकते. फक्त जहाल यूव्ही आत सोडणारी एक काच टोकापुढे लावता येते. आमच्या वरच्यांनी ती खर्चिक म्हणून काढून टाकली. म्हणाले, बंद भांड्यात दुसरा यूव्ही येणार कुठून."

"आला की," ताई म्हणाली. सेन्सरबाई तिला पहिल्याच भेटीत आवडल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांनाही सूट द्यायची तिची तयारी नव्हती. "तुम्ही त्यांना म्हणालात का, काच हवीच म्हणून?"

"एकदा म्हणाले."

"एकदा."

पुढच्या महिन्यात सेन्सरबाई स्वतः येऊन काच लावलेली नवी टोकं बसवून गेल्या, हे मात्र खरं.

अहवालात लिहून आलं की मोजणीयंत्रात तांत्रिक त्रुटी होती, तसंच अनधिकृत व्यक्तीने प्रवेश केल्यामुळे पुरवठा खंडित झाला. हातमोज्याचा उल्लेख नव्हता. हुशारची बदली झाली ती तक्रार निवारण कक्षात. तिथे खुर्ची होती, टेबल होतं, डोक्यावर पंखा होता. लोक पाण्याच्या तक्रारी घेऊन यायचे आणि हुशार त्यांना समजावून सांगायचा की लोक बाहेरचं खातात. त्याला सरकारी खोल्या मिळाल्या आणि तो बायकोला घेऊन तिकडे राहायला गेला. जाताना प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढून नेलं, खिळा ठेवला.

आईला तो घेऊन गेला नाही. जागा लहान आहे म्हणाला. आईने ते समजून घेतलं आणि जे समजून घ्यायला जड होतं ते ताईवर टाकलं. "घरातली गोष्ट घरात ठेवायची असते," ती म्हणाली. "भावाच्या पोटावर पाय दिलास."

"त्याचं पोट ठणठणीत आहे, आई. बिघडलं होतं ते तुझं."

आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. ताईने दिलेलं उकळलेलं पाणी मात्र पीत होती.

ताईला एका गोष्टीची बोचणी लागून राहिली. अनधिकृत व्यक्तीला आत सोडलं म्हणून रखवालदाराला महिनाभर घरी बसवलं होतं. सगळ्या प्रकरणात खरी शिक्षा अशी एकट्या त्यालाच झाली होती. एका सकाळी ती त्याच्या घरी गेली. दोन खोल्या होत्या. तो दारात बसून सायकलची साखळी पुसत होता.

"माझ्यामुळे तुम्हाला घरी बसावं लागलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला खरं कारण न सांगता आत गेले."

"तुम्ही कुठलंच कारण सांगितलं नव्हतं," म्हातारा म्हणाला. "मी विचारलंही नव्हतं."

"मग सोडलंत कसं?"

त्याने साखळी खाली ठेवली. "रोज घंटा वाजायची, ताई. एक दिवस बंद झाली. त्याच दिवशी सकाळी साहेबांनी पिशवीतून काहीतरी पांढरं आत नेलं होतं. मला फाटकापासून दहा पावलांच्या पुढे जायला मनाई. माझ्या घरातही दोन माणसं आडवी होती. म्हटलं, कुणीतरी घरचंच माणूस येऊन बघेल तर बघेल. तुम्ही आलात."

"तीन महिने तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"कुणाला बोलू? मोठ्या साहेबांना?"

ताईच्या तोंडावर एक जळजळीत वाक्य आलं होतं. गेले कित्येक दिवस ती अशी वाक्यं भराभर वाटत सुटली होती, भावाला, चौकशीवाल्यांना, सेन्सरबाईंना, आईलाही. पण ते वाक्य तिला या माणसाला देता येईना. दिवा तिचाच होता. तिने तो माळ्यावरून स्वतः काढून दिला होता, आणि नंतरचे तीन महिने एकदाही विचारलं नव्हतं की त्याचं पुढे काय झालं. वाटत तिलाही होतं.

आतून म्हाताऱ्याच्या बायकोने विचारलं, कोण आलंय. "पाण्याकडच्या ताई," तो म्हणाला आणि उठून त्याने तिच्यासाठी स्टूल झटकलं. ताई बसली. चहा आला. तिने घोट घ्यायच्या आधी विचारलं, पाणी उकळलंय ना, आणि विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"चहा आहे, ताई," म्हातारा म्हणाला. "तो उकळलेलाच असतो."